काळ्या पोटाचे दगड

दिवाळी सरली की पाऊस येईपर्यंत आम्हाला घर नसायचं. आटपाडीच्या माळावर आमचं एक छप्पर होतं, पण त्या महिन्यांत तिथं ना गवत, ना पाणी. मग बिऱ्हाड घोड्यावर चढायचं, मेंढरं हाकायची आणि पश्चिमेला चालू लागायचं. उंब्रजवरून, सातारा मागं टाकून, मेढ्याच्या डोंगरापर्यंत. आम्ही धनगर. माझ्या आधी आमच्या घरात कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं याची मला लाज नाही, आणि मी चढले याचा अभिमान आहे. दोन्ही गोष्टी एकदमच सांगून टाकते.

वाटेवर कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य द्यायचा, त्यावर चूल पेटायची. एखाद्या वर्षी कुणी रानात उतरू द्यायचं नाही. मग आई कण्या शिजवायची आणि स्वतः नुसतं पाणी प्यायची. माझा धाकटा भाऊ वाटेवरच जन्मला आणि वाटेवरच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई घोड्याचा कासरा धरून चालत होती. थांबायला जागाच नव्हती, तर थांबणार कुठं?

हे सगळं खरं आहे, पण माझ्या आठवणीत ते असं कोरडं येत नाही. मला आठवतो घोडा. त्याच्या पाठीवर वाकळा, वाकळांवर भांडी, भांड्यांवर कोंबड्यांची पाटी, आणि त्या सगळ्यात बांधून ठेवलेली मी. घोड्याच्या चालीनं डोळे मिटायचे. उघडायचे तेव्हा गाव बदललेलं असायचं. उसाचं रान जायचं, नदी यायची. पुन्हा डोळा लागायचा, की डोंगर. कितीतरी गावं मी अशी झोपेतच पाहिली. पुढं मोठेपणी बातमीसाठी त्या गावांत गेले, की देवळाच्या वळणावर उगाच वाटायचं, आता पाटीतली कोंबडी ओरडणार.

आमच्यात बायका घोडी घेऊन पुढं जातात. गडी मेंढरं घेऊन मागनं येतात, तोवर बायकांनी तळ लावून चूल पेटवलेली असते. तळ सोडताना मात्र आई एक काम कधी विसरायची नाही. चुलीचे तिन्ही दगड ती झाडाच्या बुडाशी नेऊन पालथे घालायची, काजळीची बाजू खाली. दगड आगीनं तडकला असेल तरी फेकायचा नाही. तोही तिथंच, पालथा; पुढच्या खेपेला त्याच्या जागी नवा. माझी आजी तसंच करायची, तिची सासूही.

"का गं पालथं घालायचं?" मी विचारायची.

"पावसानं काजळी धुतली, तर चूल आपल्याला वळखायची न्हाई," आई म्हणायची. "तिला सांगून जायचं, आमी परत येणार हाय."

मग मला मावशीकडं आटपाडीत शाळेला ठेवलं. आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, लोकांनी कमी बोल लावले नाहीत. "पोरगी शिकवून मेंढरं इंग्रजीत हाकणार हाय व्हय रं?" आप्पा हसायचे. "तुझी मेंढरं तुजं तरी कुठं ऐकत्यात गड्या!" पुढं सांगलीचं वसतिगृह, कॉलेज, पदवी. मग साताऱ्यात दैनिकात नोकरी. टँकरचं पाणी कुठं मुरतं, गायरानात कुणाच्या भिंती उठतात, असल्या बातम्यांच्या मागं मी लागले. धमक्या आल्या, बातम्याही आल्या. सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारपेठांचा इतिहास धुंडाळत फिरले, त्यावर पहिलं पुस्तक झालं. लोक लेखिका म्हणू लागले. तरी झोपेत मी घोड्यावरच असायची.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पोहे खात होते, तेवढ्यात आईचा फोन आला.

"पोरी, उंबराच्या तळाला तार घातलीया. आत सोडंनात."

उंबराचा तळ म्हणजे मेढ्याजवळच्या डोंगरउतारावरची गायरानाची जागा. एक मोठं उंबर आणि त्याच्या बुडाशी बारमाही झरा. वाटेवरचा आमचा शेवटचा तळ तोच. तिथं पोचलं की उन्हाळा निभला. त्या जागेला लागून कुणी फार्महाऊसचे प्लॉट पाडले होते आणि झरा तारेच्या आत घेतला होता. आमचा कळप डांबरी रस्त्याच्या कडेला उभा होता. नुकतीच व्यालेली मेंढरं, पाय न धरलेली कोकरं, वरून डंपर जाताहेत. तो झरा गेला असता, तर आप्पांना मेंढरं विकावी लागली असती. दुसरं काही त्यांना येत नव्हतं, आणि दुसरं काही व्हायचीही त्यांची इच्छा नव्हती.

मी बातमी लिहिली. बातमीतच लिहिलं, की अडलेला कळप बातमीदाराच्या घरचा आहे.

संपादक चष्मा वर करून बघत राहिले. "असं कुणी लिहितं का?"

"मी लिहिते," म्हटलं. "उद्या प्लॉटवाल्यांनी म्हणण्यापेक्षा आज मीच म्हणते."

"ठीक. पण तुमचे लोक तिथं पिढ्यान् पिढ्या उतरतात याला पुरावा काय? प्लॉटवाले म्हणतात, कधी कुणी उतरलंच नाही."

बातमी छापली, पण प्रश्न खरा होता. तहसील कार्यालयातही आप्पांच्या अर्जावर तेच ऐकायला मिळालं. वहिवाट दाखवा. आमची वहिवाट कुठल्या कागदावर असणार? आम्ही तर कागदाच्या बाहेरून चालत गेलेली माणसं.

मंडल अधिकारी पंचनाम्याला येणार होते, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी कळपाकडं गेले आणि तिथंच राहिले. आईशेजारी घोंगड्यावर, कितीतरी वर्षांनी. पहाटे धुकं उतरलं. मेंढरं दिसत नव्हती, नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी धड जागी नव्हते, धड झोपेतही नव्हते. अंगाखालची जमीन घोड्यासारखी हलत होती. भांडी वाजत होती. मग चाल थांबली, कुणीतरी मला खाली उतरवलं. वर उंबराची पानं, खाली ओलसर गारवा, आणि आईचे हात दगड पालथा घालताना. दगडाचं काळं पोट मला क्षणभर दिसलं आणि मातीकडं वळलं.

मी उठून बसले. "आई, ती दगडं अजून असतील?"

तिनं चूळ भरता भरता माझ्याकडं पाहिलं. "जात्यात कुठं? त्यांना का पाय हायती?"

अधिकारी आले. पंच आले. प्लॉटवाल्यांचा माणूस पांढरे बूट घालून आला. तारेचं फाटक उघडलं, मी सरळ उंबराकडं गेले. बुडाशी दगडांची रास होती, वर शेवाळ, मध्ये पाला.

तो माणूस हसला. "मॅडम, डोंगरात दगडच सापडणार. आंबे कुठनं सापडतील?"

मी वरचा दगड उलटला. खाली काळी काजळी. दुसरा उलटला. काळा. तिसरा, तडकलेला, तोही काळा.

"सहलीवाल्यांनी पेटवलं असेल," तो म्हणाला. हसू जरा कमी झालं होतं.

"सहलीवाले दगड पालथे घालून जातात का?" मी विचारलं आणि हातानंच पाला बाजूला करू लागले. रास खाली खाली जात होती. वरचे दगड माझ्या आईचे, त्याखालचे आजीचे, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. मग हाताला मूळ लागलं. उंबराचं मूळ, माझ्या मांडीएवढं जाड, आणि त्यानं एक दगड चहूबाजूंनी कवटाळून धरला होता. हलवला तरी हलेना. मंडल अधिकारी गुडघ्यावर बसले. मोबाईलच्या उजेडात त्यांनी मुळाखाली वाकून पाहिलं. दगडाच्या खालच्या अंगाला बोट फिरवलं. बोट काळं झालं.

त्यांनी उठून गुडघे झटकले. मग ते पंचांना म्हणाले, "हे मूळ एवढं वाढायला माझ्या वयापेक्षा जास्त काळ लागला असेल. लिहून घ्या."

पांढऱ्या बुटांचा माणूस फोन लावत तारेबाहेर गेला.

आई तोवर फाटकातून आत आली होती, घोड्याचा कासरा हातात. तिनं आम्ही उलटलेल्या दगडांकडं नाराजीनं पाहिलं. "आवं सायेब, च्या घेता का? चूल आमचीच हाय, दगडं तेवढी तुमी इस्कटलीसा."

अधिकारी मोठ्यानं हसले. "आजी, तुम्ही चहा करा. साखर कमी."

"मी आजी, व्हय? आन् तुमचं क्यास कशानं पांढरं झालं?"

तिनं तिथंच तीन दगड मांडले, चूल पेटवली. झऱ्याच्या पाण्याचा चहा सगळ्यांनी घेतला. आप्पा मात्र फाटकात उभे होते. आत यायला मन धजत नसावं, किंवा बाहेरून बघावंसं वाटत असावं. धुकं विरत होतं आणि रस्त्याकडून एकेक मेंढरू, जणू कुणी स्वप्नातून सोडावं तसं, पांढरं होत वर येत होतं.

तहसीलदारांच्या आदेशानं तार निघाली. पण माझ्या डोक्यातनं दगड निघेनात. लढाया आणि तह लिहून ठेवायला माणसं असतात. चूल पालथी घालून जाणाऱ्या बायकांचा इतिहास कोण लिहिणार? म्हणून मी आटपाडीपासून मेढ्यापर्यंत ती वाट पायी चालले, आईबरोबर, घोड्याच्या पुढं. तळागणिक थांबले, झाडांच्या बुडाशी हात घातला. काही तळांवर आता पेट्रोल पंप आहेत, काहींवर मंगल कार्यालयं. कुठं कुठं दगड सापडले. जिथं सापडले नाहीत तिथं आईनं जे सांगितलं ते लिहिलं, आणि ते आईनं सांगितलं असंही लिहिलं.

पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत आईला दिली. तिला वाचता येत नाही. तिनं ते उघडलं, मधल्या पानावर उंबराच्या मुळाचा फोटो होता, त्यावर बोट फिरवून बोटाकडं पाहिलं. मग भाकरी थापायची होती म्हणून पुस्तक घोंगड्यावर पालथं ठेवलं.

"असं का ठेवलंस?"

"परत उचलायचं हाय म्हनून."

उंबराचा तळ मोकळा आहे. झरा गायरानातच राहिला. आप्पांनी मेंढरं विकली नाहीत. आमच्या वाटेचा इतिहास छापलेला आहे, आणि तो आमच्याच घरातल्या पहिल्या शिकलेल्या पोरीनं लिहिला आहे.