चालणारा कोंडा

हार्लिंगेनच्या बंदराजवळ, आमच्या भिंतीला भिंत लागून हिल्त्ये वियार्डा राहायची. तिची सगळी उमर घड्याळं दुरुस्त करण्यात गेली. दुकान बंद झालं, नवरा गेला, मग ती आणि तिची करडी मांजर मूस, दोघीच उरल्या.

त्या वसंतात मूसच्या पाठीवर कोंडा धरला. हिल्त्येच्या हातांवर आणि पोटावर लाल पुरळ उठलं. तिची नणंद याप्के कॉफी प्यायला आली की टोमणा ठरलेला, "मांजरीला गादीवर घेऊन झोप अजून!"

एका दुपारी मला भिंतीपलीकडून हाक आली, "अगं, लवकर ये! कोंडा चालतोय!"

मला वाटलं, बाई भ्रमिष्ट झाली. जाऊन पाहते तर टेबलावर काळं कापड, त्यावर मूसच्या अंगावरून विंचरून काढलेला कोंडा, आणि हिल्त्येच्या डोळ्याला घड्याळजीचं भिंग. मीही डोळा लावला. पांढरा कण थांबला, वळला, पुढे निघाला. माझ्या अंगावर काटा आला. हिल्त्ये मात्र देवळात वाकावं तशी कापडावर वाकली होती.

जनावरांचे डॉक्टर सिब्रान यांनी पाहिलं आणि ते हसले. "बरोबर पकडलंत. किडाच आहे हा, केसांत राहतो. तुमचं पुरळही त्याचंच." त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला: आठ पाय, तोंडाशी दोन बाकदार आकडे, आणि केसाला बारीक धाग्यांनी बांधलेली अंडी.

"एवढ्याशा जिवाला गाठ मारता येते?" ती पुटपुटली.

औषधाने मूस बरी झाली, पुरळही गेलं. पण हिल्त्येची नजर त्या बारीक जिवांवरून काही हटली नाही. पिसू अंगाने दोन्ही बाजूंनी चपटी, म्हणूनच केसांतून सुळकन जाते, हे तिने पाहिलं. मूसच्या अंगावरचे काळे कण ओल्या कागदावर ठेवले, तर लाल डाग पसरला. "रक्त आहे गं, पिसवेने पिऊन मग विष्ठेतून बाहेर टाकलेलं," ती दबक्या आवाजात म्हणाली.

हळूहळू ही गोष्ट बंदरावर पसरली आणि लोक तिच्याकडे कुत्री घेऊन येऊ लागले. कोळी वोप्केही आपला कुत्रा घेऊन आला. "ह्याच्या कानामागे चामखीळ आलीय. दोरा बांधू का?"

"थांब. चामखिळीला पाय असतात का?"

गोचीड होती, फुगून वाटाण्याएवढी झालेली. हिल्त्येने चिमट्याने अगदी कातडीलगत धरून ती सरळ ओढली आणि बशीत ठेवली. गोचीड संथपणे पाय हलवू लागली. सगळ्या गलबतांवर वटावटा बोलणारा वोप्के खुर्ची ओढून बसला, आणि बशीवर वाकून गोचिडीचे पाय मोजू लागला.

कुत्रा त्याच्या बुटांवर डोकं टेकून झोपी गेला होता.