सासवडच्या आधीचं अंजीर

"काका, हे झाड काढावं लागणार. परदेशी आहे."

कंपनीत झाडा-पर्यावरणाचं बघणाऱ्या कुलकर्णी मॅडमनी अंजिराकडं बोट दाखवलं तेव्हा माझ्या हातात पाण्याचा पाईप होता. मी पाणी बंद केलं नाही. त्यांच्या चपला भिजल्या.

मी चाकणच्या एका कंपनीत माळी. आधी आम्ही दोघं होतो कामाला, मी आणि माझी बायको कमल. गेल्या वर्षी ती गेली. कॅन्टीनमागचं ते अंजीर तिनं लावलेलं.

भानगड अशी, की त्या कोपऱ्याला साहेब लोकांनी 'देशी वृक्षबाग' नाव दिलं. बोर्ड लावला. आता त्याचं ऑडिट होणार. ऑडिट म्हणजे बाहेरचा माणूस येऊन बघतो, आपण बोर्डावर लिहिलंय तसं खरंच आहे का. तिथं एकही बाहेरचं झाड चालणार नव्हतं.

मी म्हणालो, "परदेशी कसं? सासवडचं हाय. आमच्या मालकिणीच्या, कमलच्या माहेरचं."

"आणि सासवडच्या आधी?"

"सासवडच्या आधी दिवेघाट."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मी तिथल्या तिथं मेव्हण्याला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, आपल्याकडं अंजीर पहिल्यापासून आहे. मॅडमनी विचारलं, पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? तर म्हणे आजोबांपासून. आजोबांनी कुठून आणलं, यावर तो म्हणाला, ते आता कुणाला विचारू बाई? मेव्हण्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

मग मॅडम कट्ट्यावर बसल्या आणि मला शिकवायला लागल्या. अंजीर मूळचं इराणच्याही पलीकडचं. तिकडची माणसं धान्य पेरायच्या आधीपासून ते लावत असावीत, असं म्हणतात. मग ते गावागावानं सरकत इराणात आलं, व्यापाऱ्यांबरोबर आणि सुलतानांच्या बागांमधनं दख्खनमध्ये उतरलं. अंजीर हा शब्दच तिकडचा. इथलं म्हणाल तर आपलं उंबर, ते याचं भाऊबंद. ते लावा, चालेल.

"उंबरात किडे असत्यात," मी म्हणालो. "ते काय साहेबाला खायला देऊ?"

बाईंचा पेशन्स मोठा. त्या म्हणाल्या, "काका, आपल्या अंजिराचं बी उगवतं का?"

आता हे माझ्या धंद्यातलं. नाही उगवत. बी पोकळ असतं. अंजीर छाटावर होतं. छाट म्हणजे पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी. ती मातीत खोचायची.

"मग पाखरानं नेलं, वाऱ्यानं नेलं, असं होणार नाही. इतक्या लांबून दर खेपेला कुणीतरी काडी ओली ठेवून हातानं आणली असणार."

कमलनं अशाच आणल्या होत्या. ओल्या गोणपाटात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन. कंडक्टर म्हणाला वर ठेवा, तर त्याच्याशी भांडली. लुगडं पार भिजलं होतं.

आठवडाभर मी सगळ्यांना 'देशीच आहे' म्हणत राहिलो, तेव्हा शेवटी प्लँट हेड शिंदे साहेबांनी तोड काढली. उंबराचंच भाऊबंद आहे ना, मग उंबराच्या बोर्डाखाली खपवा. ऑडिटवाल्यानं विचारलं तर माळ्यानं मान हलवायची. मॅडमना खोटं आवडत नाही, पण माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, मी काही बोलणार नाही.

ऑडिटवाला आला. पोरगेलासा होता, बोलायला गोड. अंजिरापाशी थांबला.

"बाबा, हे इथलंच ना? आपोआप आलेलं?"

नुसती मान हलवायची होती. साहेब डोळ्यांनी खुणावत होते. पण 'आपोआप' हा शब्द काही केल्या मला गिळवेना.

"आपोआप कसं येईल? माझ्या बायकोनं आणलंय. तिच्या आधी कुणीतरी इराणातनं आणलंय. आपोआप गवत येतं."

त्यानं टिपून घेतलं. तो गेल्यावर साहेब माझ्यावर उखडले.

"अहो, आठवडाभर देशी देशी म्हणून आमचं डोकं तुम्हीच खाल्लंत ना?"

"व्हय."

"मग आज काय झालं?"

मी पाईप गुंडाळायला घेतला. सांगितलं असतं तरी त्यांना कळलं असतं, असं वाटत नाही.

झाड काढायचा हुकूम आला. ठेकेदाराच्या माणसांना मी हात लावू दिला नाही. थंडी सरत आली होती, छाटाला बरी वेळ. आधी काड्या काढल्या, मग करवत लावली. कॅन्टीनच्या ताई दापोडीला घेऊन गेल्या, वॉचमन उदगीरला. मॅडमनी वाकडच्या बाल्कनीसाठी दोन मागितल्या. त्यांचे डोळे भरले होते. मी म्हणालो, रडू नका, कुंडीला भोक ठेवा.

फोर्कलिफ्टवाला गणेश त्याच्या गावी बीडला घेऊन गेला. महिन्याभरानं तक्रार घेऊन आला, "काका, तुमच्या काड्या वाळल्या. आमच्याकडची माती घेईना त्यांना."

मी मोबाइलवर फोटो बघितला. गड्यानं तिरकं टोक वर करून खोचल्या होत्या. ते तिरकं मी मुद्दाम कापतो, खालची बाजू कळावी म्हणून.

ते टोक मातीत जातं. उलटी लावलेली काडी देशी असो का परदेशी, फुटत नाही.