पडद्यावरचा धावदोरा

मोठ्या बाईंनी पिशवीतून पडदा काढून टेबलावर पसरला आणि डागदरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. कपड्यांवरचे डाग काढण्यात ज्याची उभी हयात गेली, त्या या म्हाताऱ्याला अख्खी गल्ली डागदरच म्हणत असे. पडदा मोतिया रंगाचा, रेशमी. कोपऱ्यात तळहाताएवढा पिवळट डाग आणि डागाभोवती बारीक टाक्यांचं पांढरं कडं. ते टाके पाहून डागदरांचा हात तिथेच थांबला.

"दोरा तुमच्याकडचाच ना?" शाळेतून कधीच निवृत्त झालेल्या बाई म्हणाल्या. "चुणीत दडला होता, इतकी वर्षं दिसलाच नाही. पडदा आता लेकीकडे न्यायचाय. डाग काढा, आणि तेवढा दोराही."

दोरा डागदरांच्या बायकोचा होता.

कापड भिजलं की डाग नेमका कुठे होता ते कळत नाही, म्हणून ती आधी डागाभोवती धावदोरा घालायची. पांढऱ्याच दोऱ्याचा. रंगीत दोऱ्याचा रंग उतरला तर नवीनच लचांड! डाग डागदर काढत, दोरा मात्र ती काढी. "मी दोरा ओढला की डाग गेला म्हणायचं," हा तिचा कायदा. गिऱ्हाइकांनाही सोडत नसे. "काय सांडलं ते खरं सांगा, इथे लाज कसली?" एका नव्या जावयाने रक्ताचा डाग उकळत्या पाण्यात बुडवून पक्का करून आणला, तेव्हा म्हणाली, "शिजवूनच आणलात की!" बिचारा पुन्हा दुकानाच्या बाजूला फिरकला नाही.

या पडद्यावर तेव्हा संत्र्याचा रस सांडला होता. रेशमाला पाणी लावायला डागदर धजेनात. त्यांनी तो पेट्रोलने पुसला, वाळवला आणि डाग गेला म्हणून जाहीर केलं. तिने पडदा दाराच्या उजेडात धरला.

"रंग गेलाय. साखर आहे आत. ती पुढे पिवळी पडेल, आणि पाण्याशिवाय जायची नाही."

"आणि रेशमाची वाट लागली म्हणजे?"

"मग मी दोरा काढत नाही, जा."

डागदरही इरेला पेटले. त्यांनी पडद्याची दोऱ्यासकट घडी घातली आणि स्वतः बाईंना नेऊन दिला. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी चहाचा कप पुढे करताना तिलाच हसू फुटलं. पुढे हा वाद त्यांना जन्मभर पुरला. कशावरूनही वाजलं की ती म्हणे, "आणि त्या पडद्याचं काय?" ते म्हणत, "आला का परत? नाही ना? मग!"

आता परत आला होता. ऐकायला ती नव्हती. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

बाई गेल्यावर डागदर कितीतरी वेळ टाक्यांवरून बोट फिरवत राहिले. तिने घातलेला प्रत्येक दोरा तिनेच ओढून काढला होता. हा एवढाच उरला होता. पडदा विरून फाटला असं बाईंना सांगावं, असंही मनात आलं. मग त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

त्यांनी आधी दुमडीच्या आत थेंबभर पाणी लावून पाहिलं. रंग हलला नाही. खाली जुनं सुती फडकं घातलं आणि व्हिनेगरचे चार थेंब टाकलेल्या कोमट पाण्याने डाग कडेकडून मध्याकडे टिपायला घेतला. घासायचं नाही, नुसतं टिपायचं. हात टाक्यांच्या कड्याबाहेर गेला नाही. फडकं पिवळं झालं की दुसरं घ्यायचे. पाच फडकी झाली. पडदा सावलीत वाळेपर्यंत त्यांना चैन पडेना, तीनदा उठून पाहून आले.

वाळल्यावर त्यांनी पडदा दाराशी नेला आणि ती धरायची तसाच उजेडात धरला. उलटासुलटा करून पाहिला. डाग नव्हता.

कात्री समोरच होती, ती त्यांनी घेतली नाही. नखाने गाठ सैल केली आणि दोरा हळूहळू ओढला. तो कुठेही न तुटता अख्खा हातात आला. कोपऱ्यात तिचं स्टूल होतं, त्याच्याकडे ते वळले.

"आला गं परत," ते म्हणाले. "साखरच होती."