चेटकिणीचा प्रश्न

आमच्या कॉलनीच्या सभागृहात काल हौशी मंडळींनी मुलांचं संगीत नाटक केलं. राजकन्या पेटाऱ्यामागे लपते आणि चेटकीण समोर बसलेल्या मुलांना विचारते, "कुठे आहे ती?" मुलांनी "नाही सांगणार!" असं ओरडायचं, ही अशा नाटकांची जुनी रीत.

चेटकीण झाल्या होत्या बालवाडीच्या बाई. ही कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली, देव जाणे. मुखवट्याआडून त्यांनी रोजच्याच मायेनं विचारलं, "सांगा बरं बाळांनो, कुठे आहे ती?"

कोणीच ओरडलं नाही. मुलांची बोटं तेवढी वर झाली, सगळी पेटाऱ्याकडे, अगदी शिस्तीत. पेटीवाल्याचे हात थांबले. राक्षस दात विचकत आला, तर माणसं एकमेकांना लपवतात. पण ओळखीच्या आवाजात कोणी गोड विचारलं तर?

बाई गांगरल्या, पण पुढचं गाणं धरलं आणि नाटक कसंबसं पार पडलं.

दाराशी चपला घालताना मी नातीला विचारलं, "अगं, का दाखवलंस?"

"बाईंनी विचारलं की सांगायचं असतं, आजोबा."

मागे वळून पाहिलं. राजकन्या झालेली मुलगी पुन्हा पेटाऱ्यामागे जाऊन बसली होती. मुखवटा काढून बाई तिला हाका मारत होत्या, "ये बरं बाळा, संपलं नाटक."

आवाज तोच होता.