दोन झाकणांची गाडी

फिल्टरखालचा स्क्रू सैल केला आणि ग्लासात पाणी आलं. डिझेल नावापुरतं वर तरंगत होतं.

डोणगाव-मेहकर रस्त्यावर ती व्हॅन बंद पडली होती. आत पलंग, ओटा, नळ, सगळं. पुण्याची मुक्ता त्यात एकटीच राहत, फिरत होती आणि लॅपटॉपवर नोकरीही करत होती. सकाळी माझ्या गॅरेजमध्ये बेल्ट बदलून गेली आणि थोड्याच वेळात तिचा फोन आला.

पाणी डिझेलपेक्षा जड. ते फिल्टरच्या तळाशी साचतं. फार झालं की इंजिन बंद. तरी स्टार्टर मारत राहिलं तर इंजिनाला डिझेल पुरवणारा महागडा पंप जातो.

"मॅडम, सेल्फ मारू नका म्हटलं होतं ना फोनवर?"

"दोनदाच मारला, काका. माझी मीटिंग आहे."

"मीटिंगनं गाडी सुरू होते का?"

ग्लास बघून ती म्हणाली, "म्हणजे पेट्रोल पंपावरच पाणी मिसळलं."

माझ्याकडून निघाल्यावर तिनं फाट्यावरच्या पंपावर डिझेल भरलं होतं. मलाही तेच वाटलं. गाडीभोवती जमलेल्यांना तर खात्रीच होती. तिनं मोबाइलवर ग्लासाचा व्हिडिओ घेतला. मी त्यात म्हणालो, "हाव, डिझेलमध्ये पाणीच हाय."

मग ती हात धुवायला आत गेली. नळ कोरडा.

"काका, सकाळी पाण्याच्या टाकीत कॅन ओतला होता ना तुम्ही?"

ओतला होता. गाडीच्या एकाच बाजूला दोन सारखी काळी झाकणं होती. मागचं पाण्याचं, पुढचं डिझेलचं. किल्ल्या देताना तिनं सांगितलंही होतं. मी तेव्हा फोनवर पार्टवाल्याशी भांडत होतो. पुढचं उघडलं. वास यायला हवा होता. पण जन्मभर गॅरेजमध्ये उभ्या राहिलेल्या माणसाला डिझेलचा वास येत नाही.

"पाण्याची टाकी लीक असेल," मी म्हणालो.

सगळी वरात पंपावर गेली. मॅनेजर विश्वनाथ. पंपवाल्यांकडे एक पेस्ट असते, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. त्यानं ती लावून दांडी जमिनीखालच्या टाकीत सोडली आणि सगळ्यांना दाखवली. रंग होता तसाच.

"पेस्टच जुनी असंल बे," कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मेकॅनिक मीच होतो.

"असू शकते," मी म्हणालो.

"शंकरभाऊ, तुमीबी?" विश्वनाथ म्हणाला.

मी टाकी उतरवून धुतली, फिल्टर बदलला. मुक्ता लोणारकडे निघून गेली. व्हिडिओ गावागावांत फिरला. ट्रॅक्टरवाले डिझेल भरायला मेहकरला जाऊ लागले. पंपाच्या मालकानं विश्वनाथला घरी बसवलं. त्याच व्हिडिओत मुक्तानं मला प्रामाणिक मेकॅनिक म्हटलं होतं, त्यामुळे माझ्याकडे मात्र गिऱ्हाईक वाढलं.

पोळ्यापर्यंत मी गप्प राहिलो. मग विश्वनाथच्या घरी गेलो. तो ओसरीवर मिरच्या निवडत होता.

"विश्वनाथ, पाणी मी टाकलं होतं."

त्यानं हातातली मिरची देठासकट टोपलीत टाकली.

"मंग मले काऊन सांगून राह्यले? पंपात पाणी नव्हतं हे मले पयल्या दिवसापासून मालूम हाय. मालकाले सांगा. तिले सांगा."

दोघांनाही सांगितलं. मालकानं मला नको नको ते ऐकवलं आणि विश्वनाथला परत बोलावलं. मुक्तानं जुना व्हिडिओ काढून खरं काय ते सांगणारा नवा टाकला. जुना लोकांच्या फोनमध्ये होताच, तो अजून मला येतो. नवा मात्र मलाच शोधून दाखवावा लागतो. म्हणून हे लिहिलं.

गॅरेजवाल्यांना एकच सांगणं. गाडीत काही ओतण्याआधी झाकण उघडून वास घ्या. स्वतःच्या नाकावर भरवसा नसेल तर गिऱ्हाइकाला घ्यायला लावा.

विश्वनाथच्या पंपावर मी आजही जातो. माझ्या गाडीत डिझेल सोडण्याआधी तो थोडं काचेच्या बाटलीत काढतो आणि माझ्यासमोर धरतो.

"राहू दे रे," मी म्हणतो.

"नाही, पाहून घ्या," तो म्हणतो.