न उठण्याची तालीम

अमेरिकेत एका कृष्णवर्णीय बाईनं गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला, त्याला सत्तर वर्षं झाली म्हणून आमच्या लेकीच्या, न्यूझीलंडमधल्या पापाकुरातल्या शाळेनं नाटुकलं बसवलं. ती बाई म्हणजे आमची लेक. काम एकच, ड्रायव्हरनं ‘ऊठ’ म्हटलं की उठायचं नाही. मला वाटलं, हा तर डाव्या हातचा मळ.

पण पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी तोवर तिला वळण लावलं होतं. मोठं माणूस समोर आलं की उभं राहायचं, बसायला जागा द्यायची. मी हॉस्पिटलच्या फार्मसीतून घरी आले की जेवणाच्या खुर्च्यांची बस मांडायचे, नवरा ड्रायव्हर व्हायचा, आणि सासूबाई पाणी प्यायला आत आल्या की आमची क्रांतिकारक टुणकन उभी!

“अगं, उठायचं नाहीये!”

“बट आजी इज स्टँडिंग!” ती रडकुंडीला यायची. हे काम तिनं हट्टानं मागून घेतलं होतं. फजिती झाली तर शाळेत तोंड दाखवणार नाही, असं तिनं जाहीर केलं होतं.

सासूबाईंना माझीच शिकवण खटकली. “मोठ्यांना नाही म्हणायला शिकवतेस?” मग मी त्यांना ती हकिगत सांगितली. दिवसभर शिवणकाम करून परतणारी बाई, तिकीट काढून बसलेली, आणि केवळ रंगामुळे ऊठ म्हणतात. त्या भाजी निवडत राहिल्या.

ऐन नाटकाच्या दिवशी ड्रायव्हर झालेला मुलगा आजारी पडला. त्याच्या जागी पांढऱ्या केसांचे मुख्याध्यापकच जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत स्टेजवर आले आणि गरजले, “गेट अप!” लेक अर्धी उठली.

तेवढ्यात माझ्या शेजारच्या सासूबाई उभ्या राहिल्या आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा कडाडल्या, “उठायचं नाही! अजिबात नाही!”

लेक मटकन खाली बसली. मुख्याध्यापक दचकून “सॉरी” म्हणाले. लोकांना तो नाटकाचाच भाग वाटला, टाळ्यांचा कडकडाट झाला. मी पदर ओढून सासूबाईंना खाली बसवलं. त्यांचे डोळे भरले होते. “मी जन्मभर उठतच आले गं,” त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर नवऱ्यानं सवयीनं विचारलं, “आई, चहा टाकतेस ना?” सासूबाई सोफ्यावरून हलल्या नाहीत. मीही नाही. लेक तर नाहीच नाही. शेवटी तोच उठला. साखर कुठे असते, ते आम्ही तिघींनी बसल्या जागेवरून सांगितलं.