शेंदराखालची पाटी
खंडेनवमीला कुणी यंत्राला शेंदूर फासला, की त्या तेलकट वासानं माझं तोंड अजून कडू होतं. निजामाच्या राज्यात तुळजापूरकडं एका जिनिंग कारखान्यात मी कारकून होतो. हंगामात कापसाची भुकटी हवेत अशी भरायची, की श्वास घेताना घशाला चिकटायची. विजेच्या बटणाच्या लोखंडी पेटीवर इंग्रजी पाटी होती: वीज चालू असताना झाकण उघडू नका, ठिणगीनं भुकटी पेटेल. बाकीचे उर्दू शिकलेले, ती पाटी मीच वाचली होती. नवमीला मालक म्हणाले, "हितंच लावा शेंदूर." मी म्हणालो, "मालक, अक्षरं झाकली जातील." "देवापुढं अक्षरं सांगता व्हय?" ते हसले, आणि मी बोटं भरून शेंदूर लावला. दसरा उलटताच सोलापूरहून नवा मिस्त्री आला. त्याला इंग्रजी चांगलं वाचता यायचं. बटण अडकलं म्हणून त्यानं चालू विजेतच झाकण उघडलं, आणि भडक्यात तो गेला. शेंदूर वितळून ओघळला होता, पाटीची अक्षरं उघडी पडली होती. त्याची बायको आली, तेव्हा मालक तिला म्हणाले, "एवढी पाटी होती की, वाचलीच न्हाय त्यानं." मी शेजारीच उभा होतो. माझ्या नखांतला शेंदूर अजून निघाला नव्हता, तरी मी होकारार्थी मान हलवली.